लितियाचा राहिलेला पेपर

मित्रांनो, तुमच्या वर्गात असतो तसाच मीही एक फळा. काळा नव्हे, पांढरा. वय झालं आहे माझं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, एका घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनसमोरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे.

पोलादी पत्र्यावर पांढरा लेप चढवून, भट्टीत भाजून मला घडवलं. सुरुवातीची वर्षं एका प्राथमिक शाळेत गेली. मग तिथे डिजिटल फळे आले आणि मला सेलमध्ये काढलं. या घरच्या संजीवने मला विकत घेतलं आणि गाडीच्या टपावर बांधून घरी आणलं.

"अरे, एवढा मोठा? बेसमेंटमध्ये मावेल का?" त्याच्या बायकोने, सुनेत्राने विचारलं.

"मावेल गं. तू शिकवायला सुरुवात तर कर!" संजीव म्हणाला.

सुनेत्रा अमरावतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. नवऱ्याला इथे मोटार कंपनीत नोकरी मिळाली म्हणून ती आली. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. शिकवण्याची सवय मात्र सुटत नव्हती. भाजी चिरतानाही ती मनातल्या मनात कुणाला तरी समजावत असायची. त्यातच तिला कळलं, की पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या देशाच्या कॉलेजला दूरशिक्षणासाठी स्वयंसेवक शिक्षक हवे आहेत. पगार नव्हता. तिने लगेच होकार कळवला.

त्या देशाची माणसं इतक्या बेटांवर विखुरलेली, की कॉलेज एका बेटावर आणि विद्यार्थी बाकीच्या सगळ्यांवर. इथे संध्याकाळ व्हायची, तेव्हा तिथे दुसऱ्या दिवसाची सकाळ असायची. इंटरनेट इतकं अशक्त, की व्हिडिओ चालतच नसे. नुसता आवाज जायचा, तोही तुटक. म्हणून सुनेत्रा अख्खा धडा माझ्या एका अंगावर बसवायची आणि त्याचा फोटो पाठवायची. कुठलं सूत्र कुठे लिहायचं, काय गाळायचं, याचा ती दिवसभर विचार करी. माझ्यावर इतक्या प्रेमाने कुणी कधीच लिहिलं नव्हतं.

तिच्या विद्यार्थ्यांत लितिया होती. एका दूरच्या बेटावर शाळेत शिकवणारी, चाळिशीची बाई. शाळा आठवीपर्यंतच होती. गणिताचा पदवीधर शिक्षक मिळाला तर पुढचे वर्ग उघडू, असं सरकारने सांगितलेलं. तोवर आठवी झालेल्या मुलांना बोटीत बसवून मोठ्या बेटावर, नातेवाइकांकडे पाठवावं लागे. काही मुलं परत येत, काही तिकडचीच होऊन जात. म्हणून लितिया पदवीच्या मागे लागली होती. फोटो आला की ती तो पोस्टातल्या कॉम्प्युटरवर उघडून वहीत उतरवून घेई.

एकदा सुनेत्रा बराच वेळ मन लावून शिकवत होती. पलीकडे अगदी शांत. तेवढ्यात कपडे न्यायला तिची मुलगी आन्या खाली आली. "मम्मा, यू आर ऑन म्यूट!" ती ओरडली. सुनेत्राने कपाळावर हात मारला, माइक सुरू केला, तर लितिया म्हणाली, "मॅडम, मला वाटलं लाइन गेली. मी आपली बसून राहिले." दोघी खूप हसल्या.

वर्षामागून वर्षं गेली आणि लितियाचा एकच पेपर राहिला. सुनेत्राचाच.

त्याच सुमारास कॉलेजने दूरशिक्षण विभाग बंद करायचं ठरवलं. त्याऐवजी परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचे तयार व्हिडिओ येणार होते. सुनेत्राने विभागप्रमुखांना फोन लावला. आवाजावरून ते थकलेले वाटत होते.

"सर, तिचा एकच पेपर राहिलाय. मी तपासून देते. फक्त परीक्षा घ्या."

"मॅडम, विभागच नाही, तर परीक्षा कुणाच्या नावाने घेऊ? नव्या कोर्समध्ये तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करता येईल."

"आणि आत्तापर्यंत पास झालेले पेपर?"

"ते धरत नाहीत ते लोक."

"अहो, पण तिच्या बेटावर व्हिडिओ चालत नाही!"

"मला माहीत आहे, मॅडम," ते म्हणाले. "मीही त्याच बेटावरचा आहे."

सुनेत्राने फोन ठेवला. नंतर तिने दिसेल त्या पत्त्यावर ईमेल लिहिले. शिक्षण खात्याला लिहिलं, त्या परदेशी विद्यापीठाला लिहिलं. कुठून छापील उत्तर आलं, कुठून तेही नाही. तिने लितियाला शिकवणं मात्र सोडलं नाही. संध्याकाळ झाली की माझ्यावर नवा धडा उमटायचा.

एके दिवशी लितियाने विचारलं, "मॅडम, खरं सांगा. याची परीक्षा कोण घेणार आहे?"

सुनेत्राने मार्करला टोपण लावलं.

शाळेचे वरचे वर्ग उघडले नाहीत. लितियाचा स्वतःचा मुलगा आठवी होऊन बोटीने गेला. मग तीही न्यूझीलंडला खोक्यांत फळं भरण्याच्या कामावर गेली. तिथून तिने फोन केला. पहिल्यांदाच चित्र स्वच्छ दिसत होतं. इतकी वर्षं केवळ आवाज ऐकलेल्या दोघी एकमेकींचे चेहरे बघत राहिल्या.

"तू माझ्यापेक्षा मोठी दिसतेस गं," सुनेत्रा म्हणाली. "आता नेट चांगलं आहे. करूया का सुरू? परीक्षेचं मी काहीतरी बघते."

लितियाने मान हलवली. "दिवसभर उभी असते, मॅडम. वही उघडली की अक्षरं फिरतात. आता नको."

"बरं," सुनेत्रा म्हणाली.

त्यानंतर तिने मला ओल्या कापडाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसलं. आता ती खाली येते, मशीनमध्ये कपडे टाकते आणि वर जाते. मी कोरा आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या फळ्याची निगा नाही राखली तरी चालेल. पण तुमच्या ओळखीत कुणाचं शिक्षण अर्ध्यावर थांबणार असेल, तर वेळेवर धावून जा. मागून सगळं मिळतं, इंटरनेटसुद्धा मिळतं. शिकणारं माणूस तेवढं मिळत नाही.