जयवंत सरांची उशिरा पोहोचणारी चाल

फुलपाड्यातले जयवंत सर पुण्यातल्या नातीशी, उन्नतीशी, इंटरनेटवर घड्याळ लावून बुद्धिबळ खेळत. त्यांची चाल पटावर उशिरा उमटे आणि वेळ संपून ते हरत.

"आजोबा, तुम्ही किती विचार करता! मी नाही खेळणार आता," उन्नती फोनवर म्हणाली.

"अगं, मी लगेच खेळतो. चाल वाटेत अडकते."

कुठलीही तक्रार आली की वायर बदलायची, ही केबलवाल्या अनुजची रीत. दोनदा वायर बदलूनही फरक पडेना, तेव्हा त्याने मोडेम बदलला. "सर, जुन्याच्या चिपमध्येच दोष होता."

त्या संध्याकाळी उन्नती आणखी एक डाव खेळायला तयार झाली. चाली झटपट पोहोचल्या. सरांच्या घड्याळात भरपूर वेळ शिल्लक असताना उन्नतीने वजिराने मात दिली.

"आता कोणाला नावं ठेवाल?" सरांच्या पत्नी विमलाबाईंनी विचारलं.

सरांनी फोन लावला. "उन्नती, तो वजीर कुठून आणलास, ते मला नीट समजावून सांग."