पथ्याने ढिला पडलेला मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. जत्रेत मिळतो तसला रंगीत नव्हे, पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा. मला नाक आहे, हनुवटी आहे, तोंडाचा आकारही आहे. फक्त बोलता येत नाही. माझ्या साऱ्या संतापाचे मूळ तेच आहे.

दोन हजार तीन साली, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या शीतलताईंनी मला गरम पाण्यात मऊ केले आणि हरिचंदच्या चेहऱ्यावर दाबून बसवले. निवेपर्यंत मी त्याच्या चेहऱ्याचाच झालो. हरिचंद वारंगा फाट्यावर हाका मारून कळमनुरीच्या जीपा भरणारा माणूस. त्याच्या घशात कॅन्सर झाला होता आणि मानेत गाठ उतरली होती. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढायची, नाही तर मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सलाईनमधले औषध दोन्ही बरोबरीने घ्यायचे. औषधाने गाठ हळवी होते आणि मग शेक तिला चांगला लागतो. त्रास मात्र दुप्पट.

"आवाज गेला तं म्या फाट्यावर नुसता हात हालवत बसू का?" हरिचंद म्हणाला. "दोन्ही संगंच द्या."

माझे काम सोपे होते. शेक चालू असताना त्याचे डोके केसभरही हलू द्यायचे नाही. मी डब्याच्या झाकणासारखा घट्ट बसायचो. शीतलताई म्हणायच्या, "मस्त बसलाय." एवढे कौतुक मला पुरेसे होते.

पण काही आठवड्यांत काहीतरी बिनसले. हरिचंदचा गाल माझ्यापासून दूर जाऊ लागला. हनुवटीपाशी पोकळी पडली. त्याने गिळले की त्याचा गळा माझ्या आत हलायचा, आणि मी काही करू शकत नव्हतो. अरे, या माणसाला कुणी खायला देते की नाही? मी रोज ओरडत होतो. माझ्या ओरडण्याला विचारतो कोण!

एके दिवशी शीतलताईंची दोन बोटे माझ्या आणि त्याच्या गालाच्या मधून आरपार गेली. त्यांनी मशीन चालू केलेच नाही. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला, धुरपताबाईला, आत बोलावले.

"मावशी, हे काय खातात?"

"पथ्यानंच खाऊ घालून राहिले की, ताई," धुरपताबाई मोठ्या अभिमानाने म्हणाली. "दूध बंद, कफ व्हतो म्हून. अंडं गरम पडतं, वरून ह्यो शेक. केळं थंड. दही तं नावालाबी न्हाई. नुसती भाताची पेज देते, तीबी पातळ."

"पण डॉक्टरांनी तर सगळं खायला सांगितलं होतं. तोंड आलं तरी खा, वजन घटू देऊ नका, म्हणाले होते."

"सांगितलं व्हतं. पर आमचे देवलाकाका भेटायला आले, त्ये म्हनले, एवढा मोठा आजार अन् डॉक्टर पथ्य सांगत न्हाई, आसं कसं व्हईल? इसरले आसतील. मंग जो आला त्यानं एकेक सांगितलं. म्या समदं पाळलं."

मित्रांनो, मला हसावे की रडावे कळेना. आपल्याकडे ज्या औषधाला पथ्य नाही ते औषधच नव्हे! भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत हे खरे. कुणी नारळ आणतो, कुणी पथ्य आणतो. नारळ तरी खाता येतो.

माझ्यासारखा सैल मुखवटा शेकाला चालत नाही. शेक थांबला, आणि या आजारात मधे थांबलेले दिवस गाठीच्या फायद्याचे असतात. हरिचंदला नाकातून अन्नाची नळी घातली, नवा मुखवटा घडवला, मला अडगळीत टाकले. अंगात ताकद उरली नव्हती म्हणून औषधाची सलाईन बंद करावी लागली. बाकीचा शेक औषधाविना एकटाच पुरा झाला.

हरिचंद वाचला. पेटी शाबूत राहिली, पण आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाईल एवढाच उरला. दोन्ही उपचार शेवटपर्यंत बरोबर चालले असते, तर काय झाले असते? डॉक्टरही सांगू शकत नाहीत. फाट्यावर आता दुसराच माणूस हाका मारतो.

धुरपताबाईने आम्हा दोघा मुखवट्यांना घरी आणले. मालकाचे तोंड कचऱ्यात कसे टाकायचे, म्हणाली. तेव्हापासून आम्ही एका खुंटीवर धूळ खात आहोत. मित्रांनो, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा पथ्याचे शहाणपण घरी ठेवून जा. जमलेच तर दोन अंडी घेऊन जा.

परवा शेजारच्या गावची पार्वतीबाई आली होती. तिच्या नवऱ्याला असाच शेक आणि सलाईन सुरू होणार होते. टेकता टेकता तिने विचारले, "अक्का, पथ्य काय काय पाळलं वं?"

धुरपताबाई उठली. तिने आम्हा दोघांना खुंटीवरून काढले आणि नव्या मुखवट्यावर मला बसवले. मी घट्ट बसलो नाही. नुसता खडखडत राहिलो.

"दोन्ही आमच्या मालकाचेच हायेत," ती म्हणाली. "ह्यो आदीचा, ह्यो नंतरचा. मधला मानूस पथ्यानं खाल्ला."