छत्री विसरलेली नर्स

ब्रीडीचं घर त्या दिवशी चकचकीत केलं मीच. नंतर तिच्यावर डाफरलेही मीच.

आम्ही दोघी चर्चच्या जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, अनाथाश्रमात वाढलो. अशा संस्थांमधून निघालेल्या म्हाताऱ्यांना आता सरकार एक कार्ड देतं. त्यावर औषधं, दात, चष्मा, आणि फारच अडलं तर घरी मदतीला बाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून ब्रीडीचं अडलंच होतं. बाई मिळाली नाही, तर तिची रवानगी वृद्धाश्रमात होणार होती.

"पुन्हा ओळीनं खाटा? त्यापेक्षा मला शॅनन नदीत ढकल, नोरीन," ती म्हणायची.

गुरुवारी ऑर्ला नावाची नर्स तपासणीला येणार, असं पत्र आलं. 'तपासणी' वाचलं मात्र, आमच्या दोघींच्या अंगात आश्रम संचारला. मी फरशी घासली, केक केला, बैठकीतल्या तिच्या खाटेवर ठेवणीतली चादर अंथरली. वॉकर जिन्याखाली कोंबला. ब्रीडीच्या सुजलेल्या पायांत बूट चढवले आणि तिला खुर्चीत ताठ बसवलं.

नर्सने ओली छत्री कोपऱ्यात ठेवली. "काही त्रास, ब्रीडीबाई?"

"छे! सगळं छान आहे. थँक यू."

"अंघोळ?"

"रोज."

"जिना चढता?"

"पळत."

मी टेबलाखालून लाथ मारली. ती नेमकी दुखऱ्या पायाला लागली. बया तरी हसतच राहिली! नर्सने फॉर्म भरला, केकची तारीफ केली आणि गेली.

"पळत? अगं भवाने, पळत?" मी ओरडले.

"वॉकर कुणी लपवला?"

"तो सवयीनं लपवला!"

"मग मीही सवयीनंच बोलले," म्हणाली आणि रडायला लागली.

आश्रमात इन्स्पेक्टरची गाडी फाटकाबाहेर पडली, की जोगिणी त्याला दाखवायला काढलेल्या चादरी, बाहुल्या, केक सगळं गोळा करून कपाटात घालायच्या आणि कुलूप लावायच्या. मीही आवरायला लागले. चादर काढली, तसं गादीवरचं प्लास्टिक उघडं पडलं. वॉकर बाहेर ओढला. बूट उपसायला गेले, तर ब्रीडी अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

तेवढ्यात दार उघडलं. "माझी छत्री राहिली..."

ऑर्लाने वॉकर पाहिला, प्लास्टिक पाहिलं, माझ्या हातातला बूट पाहिला.

"सगळं छा..." ब्रीडीने सुरुवात केली. पुढे तिला जमेना.

ऑर्लाने कोट काढला, खुर्ची ओढली आणि कोरा फॉर्म काढला. "पुन्हा पहिल्यापासून. जिना?"

ब्रीडीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"दोन महिने नाही जमलं, बाई," ती म्हणाली. मग तासभर तीच बोलत होती.

आमच्या लहानपणी कितीतरी इन्स्पेक्टर येऊन गेले. छत्री मात्र एकही जण विसरला नाही.