न कुटायचे दाणे

मित्रांनो, मी खल आहे. चिनी मातीचा, जाड बुडाचा आणि आता बराच जुना. मसाल्याशी माझा कधी संबंध आला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भट्टीतून निघालो तो थेट औषधांच्या दुकानात आलो. माझा जोडीदार बत्ता तेव्हापासून सोबत आहे.

आमचे मालक कंपाउंडर. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं ते माझ्यात घोटायचे आणि पुड्या बांधायचे. पूड चिमटीत घेऊन बघायचे. जरा कण लागला की बत्ता पुन्हा फिरायचा. "औषध जितकं बारीक, तितकं लवकर लागू पडतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "पुडी द्यावी तर यांनीच," असं गिऱ्हाइकं म्हणायची. त्यातलं निम्मं कौतुक माझं, असं मी समजत असे. पुढे तयार गोळ्या आल्या, दुकान बंद झालं आणि मी घरच्या फडताळात धूळ खात पडलो.

मला पुन्हा बाहेर काढलं ते नातीसाठी. तिला घरात ठमी म्हणत, पण पोरगी नुसती काटकुळी. भूक दांडगी, तरी खाल्लेलं अंगी लागत नसे. अन्न पचवणारी एन्झाइम तिच्या शरीरात पुरेशी तयार होत नव्हती. ती कॅप्सूलमधून द्यायची होती. कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून आतले बारके दाणे आंबट फळाच्या गरावर टाकून द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दाणे पाहताच कंपाउंडरांचे हात शिवशिवले.

"बाबा, ते तसेच द्यायचे आहेत ना?" त्यांच्या लेकीने, ठमीच्या आईने, विचारलं.

"अगं, जन्म गेला माझा यात! पूड केली की पोरीला लगेच लागू पडेल."

मी तर खूश. इतक्या वर्षांनी पुन्हा काम मिळालं होतं! पण ठमीचं वजन वाढेना, उलट घटलं. असंच चाललं तर तिला दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषध कसं देता ते दाखवा, असंही त्यांनी सांगितलं. कंपाउंडरांनी मला पिशवीत घातलं आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"अगदी वस्त्रगाळ करून देतो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आजोबा, त्या दाण्यांवर कवच असतं. जठरातलं आम्ल या एन्झाइमला सोसत नाही, ते तिथेच कायमचं निकामी होतं. पुढे आतड्यात आंबटपणा कमी झाला की कवच विरघळतं आणि मग ते कामाला लागतं. तुम्ही कवचच फोडताय!"

कंपाउंडर घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एकीत लिंबाचा रस, दुसरीत खाण्याच्या सोड्याचं पाणी. दोन्हींत थोडे दाणे टाकून ते बघत बसले. लिंबाच्या रसात दाणे जसेच्या तसे राहिले. सोड्याच्या पाण्यात हळूहळू विरघळले.

"मीच उपाशी ठेवलं गं पोरीला, या हातांनी," ते लेकीला म्हणाले आणि रडले. मलाही फार वाईट वाटलं.

लेकीने डोळे पुसले. मग कॅप्सूलची बाटली त्यांच्याच हातात दिली. "आता नीट कळलंय ना? मग उद्यापासून तुम्हीच द्यायचं."

ते अजून देतात. गरावर दाणे टाकतात आणि "ठमे, चावायचे नाहीत हं, गिळायचे," असं रोज बजावतात. मला धुऊन पुसून खिडकीत ठेवलं आहे. काम नसलं की करमत नाही, हे खरं आहे. पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरात कुणाला औषध देणार असाल, तर ते कसं द्यायचं हे नीट विचारून घ्या आणि सांगितलंय तसंच द्या. तिथे आपलं शहाणपण चालवू नका, मग पोटात कितीही माया असो.

काल ठमीचा जुना फ्रॉक तिला दाटला. पाठीचं बटण काही केल्या लागेना. लेक दुसरा फ्रॉक काढायला निघाली, तर कंपाउंडर म्हणाले, "राहू दे गं तोच थोडा वेळ. मला बघू दे."