न खोकणारं मूल

"खोकत नाहीये, तेवढं तरी बरं," मुलाची आई म्हणाली आणि सिस्टर हातातलं काम टाकून वळल्या.

बालविभागात त्यांना सगळे 'कानवाल्या सिस्टर' म्हणत. पडद्याआडून त्या खोकला ओळखायच्या. कुत्र्याच्या पिलासारखा भुंकणारा खोकला ऐकला की म्हणायच्या, "कडेवर घ्या, रडवू नका. डॉक्टर औषध देतील, उतरेल हळूहळू." बहुतेकदा उतरायचाही. पण हे तीन वर्षांचं पोर खोकतच नव्हतं. तापानं फणफणलेलं, आईच्या मांडीवर झुकून, हनुवटी पुढे काढून बसलेलं. तोंडातून लाळेची तार लागलेली. थुंकी गिळवत नव्हती त्याला.

"आडवं करू का? दमलाय हो."

"अजिबात नको. बसलाय तसाच बसू दे."

श्वासाची नळी घालावी लागली तर म्हणून त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना निरोप धाडला. तेवढ्यात तरुण डॉक्टर आला. दोन वर्षांपूर्वी तान्ह्या बाळाची शीर याला सापडायची नाही, तेव्हा सिस्टरनीच त्याचा हात धरून शिकवलं होतं. तो त्यांना ताई म्हणे, त्यांच्या डब्यातलं हक्कानं खाई.

"घसा बघू नका डॉक्टर. श्वासनळीवरचं झाकण सुजलेलं दिसतंय. हात लागला तर वाट बंद होईल. बाई येताहेत."

"ताई, कान तुमचा, मान्य. पण घसा डोळ्यांनीच बघावा लागतो," तो हसला, आणि जीभ दाबायची पट्टी त्यानं आत घातली.

पोरानं एकदाच हिसका दिला. मग ओठ निळे.

सिस्टरनी तोंडावर मास्क दाबून धरला, त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबत राहिल्या. बाई धावत आल्या, मोठ्या मुश्किलीनं नळी घातली. छाती हलली. मूल वाचलं.

तिसऱ्या दिवशी मेट्रननी सिस्टर, डॉक्टर आणि आईला आपल्या खोलीत बोलावून केसपेपर पुढे सरकवला. 'डॉक्टर येण्यापूर्वी सिस्टरने घसा तपासला.' अक्षर ओळखायला कान लागत नव्हता. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता.

"हे खरं नाही," सिस्टर म्हणाल्या.

मेट्रननी आईला विचारलं, "तुम्ही तिथेच होतात. पट्टी कुणी घातली?"

आईनं डॉक्टरकडे पाहिलं. मूल अजून त्याच्याच उपचारांखाली होतं.

"मी घाबरले होते. मला काही आठवत नाही."

तिचा राग यायला हवा होता. येईना, कारण तिच्या जागी आपण काय बोललो असतो हे सिस्टरना ठाऊक होतं. राग आला तो त्या डब्याचा, रोज दोन घास जास्तीचे भरल्याचा.

त्यांची बदली धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत झाली.

आठवड्यानं दारात सावली पडली. आई उभी होती, कडेवर पोर.

"आज घरी सोडलं, ताई. मी त्या दिवशी..."

"गिळतो ना नीट?"

"हो. सकाळी भात खाल्ला."

सिस्टरनी मान न वळवता कान दिला. श्वास स्वच्छ होता, कुठे अडकत नव्हता. त्यांनी ढिगातली मोठी चादर उचलली. आईनं पोराला खाली ठेवलं आणि चादरीचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "एकटीला जमतं मला."

आणि हनुवटीखाली एक काठ दाबून त्यांनी टोकाला टोक जुळवलं.