डाव्या शिंगाचा मोजा

"बिना मोजे के यो बैल आगे ना जावै, ताऊ!" रामफल चौधरीनं देवळापुढं काठी आडवी धरली, तसं विठ्ठलाचं डोकं सणकलं.

फरीदाबादच्या कडेला उरलेल्या या गावात पोळा आणला कुणी? विठ्ठलानं! लेकाच्या नोकरीपायी परभणी सोडून आला, फ्लॅटात जीव रमेना, म्हणून इथं बटईनं रान धरलं न् ढवळ्या बैल घेतला. पहिल्या पोळ्याला एकट्यानंच वाजतगाजत मिरवला. लोक हसले. पुढच्या वर्षी त्यांनीच झुली शिवल्या, मग ढोल आणले, आणि आता पोळा म्हणजे रामफलच्या पणज्याची रीत झाली होती. उपटसुंभ लेकाचे!

"अरं, गेल्या पोळ्याला त्यो मोजा मीच बांधला व्हता!" विठ्ठल ओरडला. "सींग को चोट लगी थी, मक्खी बैठती थी, म्हून!"

"तू परदेसी आदमी सै, ताऊ," रामफल समजुतीनं म्हणाला. "तनै के पता म्हारे पुरखां की रीत का?"

मागं बघावं तर एकूणएक बैलाच्या डाव्या शिंगाला नवाकोरा मोजा. बैल नव्हता त्यांनी ट्रॅक्टरच्या डाव्या आरशाला चढवलेला. ढवळ्याची जखम कधीच भरली होती. तो आपला उघड्या शिंगानं उभा. म्हातारा झाला होता, पुढल्या पोळ्याला असेल-नसेल. यंदा त्याला मानानं पुढं चालवायचं, एवढीच विठ्ठलाची हौस होती. त्याला रडूच यायला लागलं.

शेवटी त्यानं गावाकडं धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला न् फोन रामफलपुढं धरला. "भाऊसाहेब, सांग रं ह्या येड्यांना! आपल्याकडं शिंगाला मोजा अस्तो का?"

फोनमध्ये परभणीकडचा पोळा दिसला. बाशिंगं, गोंडे, आणि प्रत्येक डाव्या शिंगाला मोजा.

"दादा, तू गेल्या पोळ्याचा धाडलेला व्हिडिओ बघून औंदा समद्या गावानं बांधला!" भाऊसाहेब खुशीत होता. "दिल्लीकडची लई जुनी रीत हाये म्हनं. आन् आपल्या ढवळ्याचा कुठंय?"

विठ्ठल खाली बसला. लेकानं दिलेला बूट काढला, आतला मोजा काढला.

"बाएं पैर का सै ना, ताऊ?" रामफलनं काळजीनं विचारलं.

विठ्ठलानं बघितलं. उजव्या पायाचा होता. तो परत घालून त्यानं डाव्या बुटाची नाडी सोडायला घेतली.