नववं पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे, चांगली पन्नास फुटी. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती नव्हे, गैरसमज नको. सिनेमाच्या शूटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या भिंगापासून नटाच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजायचं, हे माझं काम. चार बोटं इकडचं तिकडे झालं की पडद्यावर चेहरा धूसर दिसतो. म्हणून 'साधारण एवढं' असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

कारखान्यात माझ्यावर रोगण चढलं, आकडे छापले गेले आणि मी आले ती थेट कॅमेऱ्याजवळ अंतर मोजणाऱ्या इंचकाकांच्या हातात. त्यांचं खरं नाव सेटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठमोठ्या नटांच्या नाकासमोर त्यांनी मला धरलं. टाळ्या नटांना मिळायच्या, आम्हाला कुणी विचारायचं नाही.

एका सिनेमात आईचं काम करायला एक वयस्कर नटी आल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंची नजर अधू झाली होती, आणि हे फक्त काकांना आणि मला माहीत होतं. दिग्दर्शकाला कळलं असतं तर चार वर्षांनी मिळालेलं काम हातचं गेलं असतं.

प्रसंग असा होता. मुलगा गेल्याचं कळल्यावर आई दारातून आत येते, खोलीच्या मधोमध थांबते आणि त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघते. थांबायच्या जागी खडूची खूण. नटाने खाली बघायचं नसतं, आणि बाईंना तर बघूनही ती दिसली नसती. म्हणून सकाळी तालमीत काकांनी बाईंचं पाऊल मोजलं. बावीस इंच. दारापासून खूण एकशे शहात्तर इंचांवर. म्हणजे बरोब्बर आठ पावलं. मी अगदी निर्धास्त होते.

पहिला टेक झाला. बाई आठ पावलं चालल्या, थांबल्या, डोळे भरून आले. दिग्दर्शक मात्र वैतागला. "चेहरा धूसर आलाय. बाई खुणेच्या अलीकडेच थांबल्या. उजेड अर्धा तास टिकेल. आणखी एकदाच करू. नाही जमलं तर उद्या दुसरं कुणीतरी बघा."

काकांनी मला जमिनीवर लावलं. सतरा इंच कमी! माझा एकही इंच खोटा नाही हो, मग चुकलं कुठे?

"काका, मी आठच टाकली," बाई हळूच म्हणाल्या.

"माहितेय. पण सकाळी तुम्ही रडत नव्हतात."

खरंच की. बाई तालमीत कोरड्या चालत, रडणं टेकसाठी जपून ठेवत. आम्ही मोजल्या त्या बाई, आणि चालली होती ती आई.

काकांनी बाईंच्या तळव्यांना खडू फासला आणि त्यांना बाहेरच्या बोळात नेलं. "आता खरंखुरं चाला."

"इथेच सगळं रडून घेतलं तर टेकला काय उरेल?"

"अर्धंच रडा."

"अर्धं रडता येत नाही मला," बाई म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

मग काका गुडघ्यांवर बसून मला लावून एकेक ठसा मोजू लागले. बावीस, बावीस, एकवीस, वीस, वीस, एकोणीस, अठरा. दुःख वाढेल तसं पाऊल आखडत होतं. आठवं सतरा, नववंही सतरा. बेरीज एकशे शहात्तर.

"नऊ," काका म्हणाले.

दुसरा टेक सुरू झाला. उजेड उतरत चालला होता. आठव्या पावलावर बाई थबकल्या. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी नववं पाऊल टाकलं आणि खाटेकडे पाहिलं.

"ओके," दिग्दर्शक म्हणाला. "आठव्यावर थबकलात, ते सुचलं कसं?"

गप्प राहिल्या असत्या तर निभावलं असतं. पण बाई म्हणाल्या, "सुचलं नाही. मला नीट दिसत नाही. मी पावलं मोजत होते. उद्या दुसरं कुणी आणायचं तर आणा, पण हे चोरून आता नाही करवत."

"उद्याच्या प्रसंगात जिना आहे," दिग्दर्शक म्हणाला आणि काकांशेजारी जमिनीवर बसला. "काका, या टेपचं टोक कुठून धरायचं?"

बाईंनी तो सिनेमा पूर्ण केला. पुढे अंतर मोजायला लेझरची डबी आली आणि मी पेटीच्या तळाशी गेले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मला पीळ पडू देऊ नका, ओली गुंडाळू नका. ताणली गेले की माझे इंच खोटे पडतात. आणि माणसाला मोजायची वेळ आली, तर तो निवांत असतानाचं माप घेऊन मोकळे होऊ नका. त्याच्यावर दुःख असतानाही एकदा मोजा, आणि तो कमी पडला, तर त्याला एक पाऊल जास्त टाकू द्या.